डब्याच्या झाकणात

कंपनीने हिशेब चुकता केला तेव्हा
हातात आले एकोणीसशे युरो
आणि अंगात मुरलेला अकरा वर्षांचा सार्डिनचा वास,
जो त्यांनी कुठल्याच रकान्यात धरला नव्हता.

मातोझिन्योशच्या बंदरामागे, उताराच्या गल्लीत,
आब्रांतेशचं दुकान: जुने कॅमेरे, घड्याळांचे पट्टे,
छत्र्यांची दुरुस्तीसुद्धा.
त्याने तीन बॉडी काउंटरवर मांडल्या,
बाजारात मासे मांडतात तशा,
डोळे गिऱ्हाइकाकडे करून.

"कशाचे फोटो काढणार?"
विकायच्या वस्तूंचे.
"म्हणजे लग्नं नाहीत?"
लग्नं नाहीत.
मग त्याने सगळ्यात जड होता तो पुढे सरकवला.

पन्नास मेगापिक्सेल. मी आकडा घरभर मिरवला,
आईला सांगितला, जिन्यातल्या शेजाऱ्याला सांगितला.
लेन्ससकट सतराशे गेले.
उरलेल्या दोनशेत, मला वाटलं, आयुष्य सुरू होईल.

पहिलं काम दोना लिओनिल्दचं.
तिचा कारखाना म्हणजे सात बायका आणि एक वाफेची भट्टी.
डबे सहा प्रकारचे: तेलातले, टोमॅटोतले, तिखट…
झाकण उघडं धातूचं, आरशासारखं घासलेलं.
मी बटण दाबलं.
झाकणात खिडकी आली, ट्यूबलाइट आली,
आणि मी आले, तोंड उघडं, निळ्या स्वेटरात.
पन्नास मेगापिक्सेलमध्ये
स्वेटरचे उसवलेले टाकेसुद्धा मोजता येत होते.

फिल्टर लावला. तेलावरची चमक निमूट विझली,
पण उघडा धातू कुठल्या फिल्टरची भीड ठेवत नाही.
मी कोन बदलले, खुर्चीवर चढले, जमिनीवर झोपले.
डबा मला बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी आब्रांतेशने सगळं परत घेतलं,
तीनशे कमी देऊन.
"दुकान आहे, ओदेत, चर्च नाही."
बदल्यात मी मागितलं ते त्याला आवडलं नसावं:
चरे पडलेली जुनी बॉडी,
जवळचं बघणारी एक लेन्स, कडी फिरवताना कुरकुरणारी,
दोन दिवे,
आणि दोन हातांनी उचलावा लागेल असा ट्रायपॉड.
दिव्याचा एक वाकडा स्टँड त्याने फुकट दिला.
"उभा राहतो," म्हणाला, "पण लाजत लाजत."

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी अंथरूणच उचललं
आणि दिव्यापुढे टांगलं.
पलंगावरची पांढरी चादर, मधोमध चहाचा डाग,
तो डाग कडेला घेतला.
मयताला नेसायच्या काळ्या स्कर्टला भोक पाडून
त्यातून लेन्सचं नाक बाहेर काढलं, मी मागे लपले.
"आता पुढच्या मयताला काय नेसशील?" आई म्हणाली.
मी म्हटलं, कुणी घाई करू नये.

पहाटे कधीतरी झाकण शांत झालं.
एका बाजूने उजेड सायीसारखा पसरला,
दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची काळी रेघ,
आणि डब्याला पहिल्यांदाच कडा आली.

लिओनिल्दने फोटो लांब धरला, मग जवळ.
कॅमेरा कोणता, हे विचारलंच नाही.
"हा नवीन डबा आहे का?"
तोच होता, पोचा पडलेला, पोचा खाली वळवलेला.
तिने दोनशे चाळीस युरो मोजले,
वर सहा डबे दिले. वास पुन्हा घरात आला.

झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात
तिळाएवढा काळा ठिपका आहे.
ते स्कर्टचं भोक, त्यामागे मी.
पुसता आला असता.

काल दोरूच्या काठावरून फोन आला,
एका वाइनवाल्याचा. बाटल्या. हिरवी काच,
पुढून चमकते आणि मागचंही दाखवते.
आब्रांतेशला कुठून कळलं कोण जाणे,
संध्याकाळी त्याचा फोन: "आता काय घेतेस?"
थांब, म्हटलं,
आधी एक बाटली घरी आणू दे.
खिडकीत ठेवून बघते, ती काय मागते.